छप्पर आणि नरसाळं

३ मे २०२५, शनिवार

बावन्न बंद पडली. नरसीहून परतताना, घर चार किलोमीटरवर असताना. आधी बॉनेटमधून वाफ आली, मग वाटीत चमचा आपटावा तसा एक आवाज. गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली आणि बाभळीखाली अर्धा तास उभी राहिले. स्वानंद पुण्याहून फोनवर विचारतो, पाण्याचा काटा पाहिला नव्हतास का? काटा २०११ पासून बंद आहे. जो काटा हलतच नाही तो पाहून काय करायचं?

चाँद पाशांनी गाडी ट्रॅक्टरला बांधून गॅरेजात नेली. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं.

"बाई, हेड गेलं."

"गेलं म्हणजे कुठे गेलं? नीट सांगा."

"फुटलं, बाई. पानी तेलात येऊन राहिलं."

चूक रेडिएटरच्या नळीची आहे. माझी नाही. (पाणी सकाळी पाहायला हवं होतं. पाहिलं नाही.)

४ मे, रविवार

स्वानंदचा पुन्हा फोन. हेड म्हणजे काय हे त्याला माहीत नाही आणि मत मात्र आहे. इंजिनाचं झाकण म्हणजे हेड. पेट्रोलचा जाळ त्याच्या पोकळीत होतो, हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा, म्हणजे वॉल, त्यातच असतात. झाकण फुटलं की भांडं बिनकामाचं.

त्याचा बेत असा. संभाजीनगरच्या एका हॉटेलवाल्यांना बावन्न दर्शनी दालनात, काचेच्या खोलीत ठेवायला हवी आहे. गाडी काचेत, मी पुण्यात त्याच्याकडे, हिंगोलीच्या घराला कुलूप. "आई, तुझं वय त्र्याहत्तर." गाडी १९५२ ची, मीही १९५२ ची. दोघींना एकाच दमात निकालात काढतो आहे.

मी म्हटलं, गाडी दुरुस्त होईल आणि मीच चालवीन. तेव्हा तो हसला. "तू नेहमी सांगतेस ना, सत्त्याऐंशी साली औंढ्याचा चढ पाच माणसं बसवून टॉप गिअरमध्ये चढवला? मग चढवून दाखव. जूनच्या मध्यापर्यंत. नाही जमलं तर गाडी हॉटेलात आणि तू माझ्याकडे."

"जमलं तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

शब्द दिला.

सत्त्याऐंशीची हकीकत इथे नोंदवते, कारण तिच्यावर आता सगळं आहे. बावन्न त्या चढावर नेहमी धापा टाकायची, दुसरा गिअर टाकावा लागायचा. ठिणगी किती अंश आधी पडावी याचं गणित मी उन्हाळ्याच्या सुटीत अकरा पानांत मांडलं आणि शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं की गाडी टॉपमध्ये चढेल. पाशांनी मी सांगितलेल्या अंशावर टायमिंग लावलं. जूनमध्ये चढलीच. मी चालवत होते, शेजारी माझे यजमान बंडोपंत, मागे स्वानंद आणि शाळेतल्या दोन बाई. माथ्यावर बंडोपंत म्हणाले, "बाई, तुमचं गणित बराबर निघालं." तहसीलमधल्या कारकुनाला त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे, पण म्हणाले.

५ मे, सोमवार

हेड उतरवलं. हातभर लांब, बारा वॉल. दोन वॉलच्या मध्ये केसाएवढी भेग. बाजूला ओतीव अक्षरात नंबर आहे तो वहीत उतरवला. त्याच्या खाली छिन्नीनं ठोकलेली दोन चिन्हं आहेत. पहिलं छपरासारखं, दुसरं नरसाळ्यासारखं. म्हणजे आडवी रेघ नसलेला इंग्रजी ए आणि त्यापुढे व्ही. हे कंपनीचं काही खास असणार.

"हे शेवटचं कुणी उघडलं होतं?"

पाशाभाई पाना पुसत बसले. "लय सालं झाले, बाई."

"मी साल विचारलं नाही. कुणी, ते विचारलं."

"म्याच. ह्या गाडीला हात लावायची हिंमत हिंगोलीत दुसऱ्या कोनाची हाय?"

"आणि ही एव्ही अक्षरं?"

"नंबराच्या मागं काहून लागून राहिल्या, बाई? च्या घ्या."

उत्तर बरोबर, तरी अपुरं. शाळेत असते तर निम्मे गुण कापले असते.

गॅरेजच्या दारात पिण्याचा रांजण आहे. तो रेक्झिन गुंडाळलेल्या एका लांबट लोखंडी ठोकळ्यावर ठेवला आहे, डुगडुगतो. विटा लावा म्हणून मी वीस वर्षं सांगते आहे. लावत नाहीत.

९ मे, शुक्रवार

जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक ग्रुप आहे, मोबाइलवर. तिथे नंबर आणि फोटो टाकले. तासाभरात एका गृहस्थांचं उत्तर: "ताई, हा नंबर तुमच्या गाडीच्या हेडचा नाही. त्याच कंपनीच्या ट्रकचा आहे. वॉल मोठ्या, पोकळी लहान. गाडीला बसतं आणि ताकद वाढते. कुणीतरी हौसेनं बदललं आहे."

मी लिहिलं की गाडी शेहेचाळीस वर्षं माझ्या घरात आहे, माझ्या नकळत तिचा दिवाही कुणी बदललेला नाही. आपण एव्ही या अक्षरांचा अर्थ सांगावा.

ते लिहितात, अशी अक्षरं कंपनी ठोकत नाही.

गृहस्थांचा अभ्यास कमी पडतो.

१३ मे, मंगळवार

एव्हीवर तीन दिवस गेले. परदेशातल्या दोन मंडळांना पत्रं लिहिली. माझा तर्क असा की उष्ण प्रदेशांत पाठवायच्या गाड्यांना कंपनी मुद्दाम वेगळं हेड बसवत असावी आणि त्यावर ही खूण करत असावी. म्हणूनच माझं टायमिंगचं गणित इतकं नेमकं लागू पडलं. सगळं जुळतं.

पाशाभाईंच्या मुलीनं, अलमासनं, हेडची परीक्षा केली. मशीनचं काम तीच पाहते: लेथ, वॉलच्या बैठका कापणं, हेडचा तळ घासून सपाट करणं. माझीच विद्यार्थिनी, १९९८ ची दहावी.

"बाई, भेग पाण्याच्या वाटेपर्यंत गेली. डाग मारला तरी गरम झाल्यावर उघडंल. ह्याच्यावर भरवसा नका ठेवू."

"पुन्हा तपास."

"दोनदा केलं."

"तिसऱ्यांदा कर."

"नववीत बी तुमी माझं बराबर आलेलं गनित तिसऱ्यांदा करायला लावलं होतं."

"मग? चूक सापडली होती का?"

"न्हाई ना!" असं म्हणून हसली. तिसऱ्यांदा केलं. भेग तेवढीच.

असं हेड आता कुठेही मिळत नाही. सतरा ठिकाणी फोन झाले.

२० मे, मंगळवार

आज जे झालं ते क्रमानं लिहिते.

अलमासनं फुटक्या हेडच्या बारा वॉल काढून फळीवर मांडल्या होत्या. प्रत्येकीसमोर खडूनं खूण, कोणती कुठली ते चुकू नये म्हणून. मी सहज पाहत गेले. सातव्या वॉलसमोर नरसाळं. आठव्या वॉलसमोर छप्पर.

"हे काय आहे?"

"सात, बाई. आनि हे आठ. उर्दू आकडे. अब्बा उर्दू शाळेत शिकले ना, त्यांची पद्धत. माझा बी हात तसाच बसला."

"छप्पर आठ?"

"व्हय. नरसाळं सात."

हेडकडे गेले. आधी छप्पर, मग नरसाळं. सत्त्याऐंशी.

शेजारच्या माणसाच्या हातचे आकडे मी परदेशात विचारत बसले होते. पन्नास वर्षं या गावात राहून मला सात आणि आठ वाचता येत नाहीत.

पाशाभाई दारात रांजणापाशी उभे होते. त्यांना कळलं होतं.

"हे ट्रकचं हेड तुम्ही सत्त्याऐंशी साली बसवलंत."

"व्हय, बाई."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"साहेबांच्या."

साहेब म्हणजे बंडोपंत. स्टूल पुढे केलं होतं, बसले नाही.

"तुमी गनित केलं, म्या टायमिंग लावलं. साहेब आन् म्या गुपचाप औंढ्याला जाऊन आलो. न्हाई चढली. निम्म्यात गचके खाऊ लागली. साहेब दगडावर बसले. म्हनले, पाशाभाई, बाईचं गनित बराबर हाय, गाडीच कमी पडून राहिली. गाडी बदला."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"साहेबांनी कसम घातली होती. बाईनं इचारलं तर खोटं बोलायचं न्हाई. न्हाई इचारलं तर आपून बोलायचं न्हाई. तुमी अडतीस सालांत कधी इचारलंच न्हाई. पंधरा दिवसांमागं इचारलं तर ते बी साल सोडून दिलं."

गणित बरोबर आणि गाडी चूक, हा युक्तिवाद शास्त्रीय नाही.

२४ मे, शनिवार

नोंद करण्यासारखं काही नाही. माळ्यावरून १९८७ ची वही काढली.

२५ मे, रविवार

अकरा पानं पुन्हा तपासली. सातव्या पानावर चिन्हाची चूक आहे. जिथे वजा हवं तिथे अधिक. तिथून पुढचं सगळं वाहवत गेलं आहे. मी लावायला सांगितलेला अंश गाडीला मदत करणारा नव्हता, उलट अडवणारा होता. पाशाभाईंनी नंतर आपल्या मनानं तो फिरवला असणार. विचारणार नाही.

त्या चुकीच्या ओळीशेजारी पेन्सिलचा एक बारीक ठिपका आहे. ठिपका माझा नाही, मी पेन्सिल वापरत नाही. बंडोपंत कचेरीत बेरजा तपासताना असे ठिपके करत, पण त्यांना भौतिकशास्त्र येत नव्हतं. तेव्हा हा ठिपका कशाचा ते कळत नाही.

लाल शाईनं वहीला गुण दिले. दहापैकी चार. रीत बरोबर, उत्तर चूक.

२६ मे, सोमवार

गॅरेजात गेले आणि विचारलं, "गाडीचं मूळ हेड कुठे आहे?"

पाशाभाई खूश होऊन उठलेच. त्यांनी आणि अलमासनं मिळून रांजण उचलून खाली ठेवला. रेक्झिन सोडलं. त्याखाली गोणपाट, त्याखाली ग्रीसचा बोटभर थर, त्याखाली हेड.

"साहेब म्हनले होते, बाई इचारतील एखाद दिवशी. जपून ठेवा."

मी वीस वर्षं ज्याला डुगडुगतं म्हणत होते ते हे. बारा वॉल. नंबर वाचला, गृहस्थांना पाठवला. त्यांचं उत्तर: "हे तुमच्या गाडीचंच." त्यांची माफी मागितली. एका ओळीत, पण मागितली.

आता प्रश्न असा. हे हेड आहे तसं बसवलं तर गाडी चालेल, पण औंढ्यावर सत्त्याऐंशीसारखीच गचके खाईल. तेव्हा गाडीनं गणिताला सांभाळून घेतलं. या वेळी गणितानं गाडीला सांभाळलं पाहिजे.

२९ मे, गुरुवार

शाळेच्या प्रयोगशाळेतून ब्युरेट, म्हणजे मापाची काचनळी, मागून आणली. हेड उलटं ठेवून प्रत्येक पोकळीवर भोक पाडलेली काच बसवली आणि रॉकेल थेंबाथेंबानं भरून सहाही पोकळ्या मोजल्या. सरासरी १०७ घनसेंटिमीटर. एका सिलेंडरचं आकारमान ५९०. म्हणजे पिस्टन मिश्रणाला साडेसहा पटीनं दाबतो. पोकळी ९८ वर आणली तर दाब सात पटीचा होतो. त्यासाठी हेडचा तळ पावणेदोन मिलिमीटर घासायला हवा. पाच वेळा करून पाहिलं. प्रत्येक चिन्हावर बोट ठेवून.

पाशाभाईंनी मान हलवली. "पावणेदोन लय झालं, बाई. वॉल पिस्टनला जाऊन भेटंल. मंग इंजिनच गेलं."

"भेटेल की नाही ते मोजू."

"कशानं मोजता? आत हात जात न्हाई, डोळा जात न्हाई."

"कणकेनं."

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. पाहू देत.

२ जून, सोमवार

अलमासनं हेड घासलं. एकदाच, एका दमात, पावणेदोन. मी शेजारी उभी होते. एकदा म्हणाली, "बाई, तुमी श्वास सोडा."

घरून पुऱ्यांची घट्ट कणीक नेली होती. पिस्टनच्या माथ्यावर तिचे गोळे चिकटवले, जुनी पॅकिंग टाकून हेड बसवलं, हातानं इंजिन दोन फेरे फिरवलं आणि पुन्हा उघडलं. जिथे वॉल सगळ्यात जवळ आली तिथे कणीक दबली होती. सुरीनं कापून जाडी मोजली. सगळ्यात पातळ जागी तीन मिलिमीटर. पुरेसं आहे.

पाशाभाई बराच वेळ त्या तुकड्याकडे पाहत होते. "साठ सालं झाले मले ह्या धंद्यात. कनीक फक्त खाल्ली."

"कशी वाटली पद्धत?"

"साहेब असते तर गावभर सांगत हिंडले असते."

मी सुरी पुसली.

८ जून, रविवार

काल बकरी ईद, गॅरेज बंद. आज स्वानंदला फोन केला. अट खोट्या गोष्टीवर घातली गेली आहे, ते त्याला कळायला हवं. सांगितलं की सत्त्याऐंशी साली गाडी माझ्या गणितानं चढली नव्हती. तुझ्या बाबांनी ट्रकचं हेड बसवलं होतं.

मग म्हणाला, "आई, मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. बाबा नट मोजायला माझ्याकडे द्यायचे. तेवीस निघाले होते, चोवीसावा चटईखाली सापडला. बाबांनी आइस्क्रीम दिलं, गप्प राहायचं म्हणून."

"आणि शाळेतल्या दोघी?"

"त्यांनाही सांगितलं होतं, मी गाडीत चुकून बोलून गेलो तर त्यांनी विषय बदलावा म्हणून."

अडतीस वर्षं वर्गात सगळ्यांना उत्तर माहीत होतं, फक्त बाईंना नव्हतं.

"राहू दे मग, आई," तो म्हणाला. "अट सोडून देऊ. हॉटेलचं नंतर बघू."

"नंतर बघू म्हणजे नंतर बघूच. मी ओळखते तुला. अट कायम. पंधराला ये."

"पण आई, आता तर ते हेडही नाही."

"पंधराला ये, स्वानंद. सकाळी सात. उशीर चालणार नाही."

११ जून, बुधवार

बावन्न सुरू झाली. दुसऱ्या किल्लीला. आवाज पूर्वीपेक्षा ठाम आहे. पाण्याचा काटाही नवा बसवला. हलतो.

१५ जून, रविवार

स्वानंद सात वाजून पाच मिनिटांनी आला. बोलले नाही.

सत्त्याऐंशीत पाच माणसं होती. आज मी, स्वानंद, पाशाभाई, अलमास: चार. पाचव्याचं वजन हवं. फुटकं हेड आणि वीस लिटर पाण्याचा कॅन मिळून अठ्ठावन्न किलो भरतं. आडतीच्या काट्यावर करून घेतलं. बंडोपंत अठ्ठावन्न होते. दोन्ही पुढच्या सीटवर, माझ्याशेजारी ठेवलं. वजन पुढे असलेलं बरं, चाकं धरतात.

"आई, मागं टॅक्सीतल्यासारखं दाटीवाटीनं बसायचं आणि पुढे लोखंड?" स्वानंद म्हणाला.

"सत्त्याऐंशीतही तू मागेच होतास."

चढाच्या तोंडाशी टॉप गिअर टाकला. निम्मा चढ उत्तम गेला. मग वळणावर एक जीप रस्त्याच्या मधोमध उभी, माणसं भरत होती. हॉर्न दिला. हलली नाही. थांबावं लागलं.

"थांबलीस," स्वानंद म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला.

"जीपमुळे."

"थांबलीस ना पण."

मी मागे वळून पाहिलं. पाशाभाई खिडकीबाहेर बघत होते. अलमास म्हणाली, "बाई, हे मोजायचं न्हाई. जीप गनितात नव्हती." या मुलीला मी नववीत विनाकारण उभं केलं होतं.

गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि सगळा चढ मागे मागे उतरले. स्वानंद "आई, आई" करत होता. तळाशी येऊन वेग घेतला आणि पुन्हा टॉप टाकला.

या वेळी रस्ता मोकळा. वळणावर वेग पडू लागला. पंचवीस. वीस. इंजिनाचा आवाज जड झाला. अलमास म्हणाली, "दुसरा टाका, बाई." पाशाभाई म्हणाले, "म्या उतरतो, वजन कमी होईल," आणि खरंच दार उघडायला लागले.

"बसा!" मी म्हणाले. वर्गात म्हणत असे तसं.

पंधरा. पाय दाबलेला होता तेवढाच ठेवला. घाबरून जास्त दाबला की गुदमरते, हे गणितात नाही, हे मला येतं. शेजारचं हेड कॅनवर टकटक करत होतं. बारा. मग रस्ता सपाट झाला आणि वेगाचा काटा वर चढायला लागला.

माथ्यावर थांबले.

"टॉपमध्येच होती?" स्वानंदनं विचारलं.

"दांडा दिसतो ना समोर?"

तो पुढे वाकला, दांडा पाहिला आणि मग शेजारच्या हेडवर हात ठेवून तसाच राहिला. पाशाभाई मागून म्हणाले, "बाई, गनित बराबर निघालं." मग लगेच म्हणाले, "आवंदा खरंखरं."

डोळ्यांत धूळ गेली होती. काचा उघड्या होत्या.

१६ जून, सोमवार

गॅरेजात गेले. बसवलेल्या हेडच्या बाजूला खूण करायची राहिली होती, निकाल लागल्याशिवाय मी शिक्का मारत नाही. पाशाभाई म्हणाले, मराठीत ठोका की. मी नाही म्हटलं. ज्या आकड्यांत तुम्ही दोघांनी लपवलं त्याच आकड्यांत मी उघड लिहिणार. अलमासनं जमिनीवर खडूनं काढून दाखवलं: दोन म्हणजे मान वाकडी केलेली काठी, पाच म्हणजे उलटं पिंपळपान. छिन्नी मी धरली, हातोडीही मीच मारली. पाच थोडा वाकडा आला आहे. वाचता येतो.

पाशाभाईंच्या रांजणाखाली विटा रचून दिल्या. आता सबब उरली नाही.

दुपारी हॉटेलवाल्यांचा फोन. स्वानंदनं त्यांना कळवलं होतं. गाडी नाही तर निदान ते फुटलेलं जुनं हेड तरी द्या, काचेत छान दिसेल, खाली माहितीची पाटी लावू. मी सांगितलं, ते हेड रिकामं नाही. माझ्या ओसरीवरच्या रांजणाखाली कामावर आहे.

डुगडुगतं. राहू दे.